धानाचे दफ्तर

दफ्तर हा शब्द मराठी कानाला परका नाही. तो उच्चारताच पुण्याचे पेशवे दफ्तर डोळ्यांपुढे येते : रुमालांत बांधलेले असंख्य कागद, मोडीतील हिशेब, आज्ञापत्रे, कैफियती, आणि त्यांवर कितीएक वर्षे साचलेली धूळ. राज्य गेले तरी कागद राहिले; पण ते सरकारी कुलपात राहिले. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३० ते १९३४ या अवधीत त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड बाहेर पडले, तेव्हा कोठे त्या दफ्तराला वाचा फुटली. त्यांच्याही आधी विश्वनाथ काशिनाथ राजवाडे वाडे, मठ, देवघरे आणि माळे धुंडाळीत गावोगाव हिंडत होते. त्यांच्या साधनांचा पहिला खंड १८९८ साली निघाला. या दोघांच्या उद्योगातून महाराष्ट्राला एक धडा मिळाला. साधन टिकणे ही इतिहासरक्षणाची अर्धी बाजू होय. ते ज्यांचे आहे त्यांच्या हाती पोचणे ही उरलेली अर्धी.

असेच एक दफ्तर छत्तीसगडात रायपूर येथे आहे. त्यात कागद थोडे आणि दाणे फार. तेथील इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाच्या शीतकोठारात धानाचे २३,००० हून अधिक नमुने पुड्यापुड्यांनी जपून ठेवलेले आहेत. जगातील मोठ्या भातसंग्रहांत त्याची गणना होते. प्रत्येक पुडीवर क्रमांक आहे आणि त्या क्रमांकापुढे जातीचे नाव, ती कोठून आणली, किती दिवसांत पिकते, दाणा कसा, लोंबी कशी, अशी नोंद आहे. एकाच नावाचे दोन नमुने दोन गावांतून आले तर दोघांनाही जागा मिळाली आहे. कारण नाव एक असले तरी माती निराळी आणि मातीबरोबर दाण्याचा स्वभावही निराळा. हे दफ्तर कसे तयार झाले, ते कोणाचे, आणि ज्यांचे आहे त्यांच्याकडे ते परत कसे जाते, हा या लेखाचा विषय.

या दफ्तराचा मजकूर जेथे लिहिला गेला, त्या भूमीकडे आधी पाहिले पाहिजे. रायपूरहून धमतरीकडे निघाले की सुमारे तीस किलोमीटरवर अभनपूर लागते. येथून एक वाट सरळ धमतरीला जाते आणि दुसरी महानदीच्या काठी वसलेल्या राजीम क्षेत्राकडे वळते. १९०० साली या दोन्ही वाटांवर अरुंद मापाची आगगाडी धावू लागली आणि अभनपूर हे जंक्शन झाले. ती चिमुकली गाडी आता इतिहासजमा झाली असून, २०२५ साली रुंद मापाच्या रुळांवरून अभनपूर पुन्हा रायपूरशी जोडले गेले. या मार्गाच्या दोन्ही अंगांना पावसाळ्यात नजर पोचेल तेथवर बांध घातलेली शेते दिसतात. आपल्या चांदा-भंडाऱ्याकडच्या झाडीपट्टीत ज्यांना बांध्या म्हणतात, तशीच ती. त्या भागातला शेतकरी भातालाही धानच म्हणतो. तेव्हा छत्तीसगड हा आपल्याला वाटतो तितका दूरचा मुलूख नव्हे.

राजकीय दृष्ट्याही तो दूर नव्हता. १७४१ साली भास्करपंत कोल्हटकर नागपूरकर भोसल्यांचे सैन्य घेऊन रतनपुरावर गेले आणि १७५८ पासून बिंबाजी भोसले यांनी रतनपुरास राहून जवळजवळ तीस वर्षे येथला कारभार पाहिला. १८१८ नंतर काही वर्षे हा मुलूख इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली गेला आणि त्याच सुमारास कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास हलले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. त्यानंतरही मराठी घराणी रायपुरास राहिली आणि त्या मातीशी एकरूप झाली. ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक १९०० साली सुरू करणारे माधवराव सप्रे आणि रायपूर भागात सहकारी चळवळीचा पाया घालणारे वामनराव लाखे ही त्यांतील दोन नावे.

इंग्रजी अंमलात जमिनीची पाहणी झाली. रायपूर जिल्ह्याच्या महसुली व्यवस्थेचा ह्यूइट याचा अहवाल १८६९ सालचा आहे. या पाहण्यांनी मातीची प्रतवारी केली आणि त्यासाठी शेतकऱ्यांचेच शब्द उचलले. उंचावरची, मुरमाड, पाणी न धरणारी ती भाटा; पिवळसर, हलकी ती मटासी; काळी, भारी, ओल धरून ठेवणारी ती कन्हार; आणि मटासी व कन्हार यांच्या मधली ती डोरसा. मातीवर सारा बसतो, म्हणून मातीची नोंद झाली. बियाण्यावर सारा बसत नाही. त्यामुळे कोणत्या मातीत कोणते धान पेरतात याची नोंद सरकारी कागदांत सविस्तर येण्याचे कारण नव्हते. ती शेतकऱ्याच्या स्मरणात राहिली आणि त्याच्या कोठीत राहिली.

ही नोंद साधी नव्हती. भाटा जमिनीला लवकर पिकणारे हरुना धान हवे, कारण पाऊस थांबताच ती कोरडी पडते. खोलगट शेतात पाणी उशिरापर्यंत राहते, तेथे सावकाश पिकणारे माई धान शोभते. एकाच कुटुंबाची शेते चार प्रकारच्या मातींत विखुरलेली असली, तर त्याच्या घरी निदान चार जातींचे बियाणे असणार. त्याशिवाय सणाला सुवासिक दुबराज, विष्णुभोग किंवा बादशाहभोग. रोजच्या जेवणाला गुरमटिया किंवा लुचई. पोह्यांना एक, लाह्यांना दुसरे, शिळ्या भातात पाणी घालून खाल्ल्या जाणाऱ्या बासीला तिसरे. गठुवन हे धान सांधेदुखीवर गुणकारी, लायचा हे त्वचेच्या विकारांवर, अशी परंपरेची समजूत होती. अलीकडे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सहकार्याने अशा काही जातींची प्रयोगशाळेत तपासणीही झाली आहे. मात्र प्रयोगशाळेतील निष्कर्ष हे औषध नव्हे, हे लक्षात ठेवणे बरे.

शेतीच्या रीतीनेही जातींची निवड ठरत असे. छत्तीसगडात धान बहुधा विखरून पेरतात. रोपे महिन्याभराची झाली आणि शेतात पाणी साचले, की उभ्या पिकातून नांगर फिरवितात. पाहणाऱ्याला हा पिकाचा विध्वंसच वाटावा. परंतु त्यामुळे तण मोडते, दाटी विरळ होते, आणि उरलेली रोपे चार दिवसांत सावरून उभी राहतात. या रीतीला ब्यासी म्हणतात. ब्यासी सोसणारे रोप चिवट असावे लागते. शिवाय या शेतांत करगा नावाचे रानधान माजते. फुलोरा येईपर्यंत ते खऱ्या धानासारखेच दिसते आणि कापणीपूर्वीच त्याचे दाणे गळून जमिनीत मुरतात. त्यावर उपाय म्हणून जांभळ्या पानांचे धान पेरण्याची युक्ती येथे रूढ झाली : जांभळ्या शेतात जे हिरवे दिसेल ते उपटून टाकायचे. असे शहाणपण ज्या बियाण्यात साठलेले आहे, ते बियाणे म्हणजे एक लेखच होय. आणि तो दर वर्षी पुन्हा लिहावा लागतो, कारण पेरले नाही तर बी मरते.

हा लेख गावात फिरता राहावा याची सोय छत्तीसगडच्या चालीरीतींत आहे. वैशाखातील अक्षय्य तृतीयेला तिकडे अक्ती म्हणतात. खानदेशातील आखाजीची ती बहीणच. त्या दिवशी घरोघरचे शेतकरी पळसाच्या पानांच्या द्रोणांत थोडे थोडे धान घेऊन ठाकूरदेवाच्या स्थानी जमतात. गावचा बैगा पूजा करतो, ते धान एकत्र करतो, आणि त्यातले मूठ मूठ बी सर्वांच्या हाती परत देतो. पेरणीचा मुहूर्त या मुठीने होतो. धर्मकृत्य म्हणून ते पवित्र आहेच. परंतु त्यात आणखीही काही घडते. वर्षातून एकदा गावातील बियाणे उजेडात येते, सर्वांच्या नजरेखालून जाते आणि एकमेकांच्या घरी पोचते. प्रदर्शन हा शब्द गावाला ठाऊक नव्हता तेव्हाही प्रदर्शन भरत होते.

आता दुसऱ्या प्रकारच्या प्रदर्शनांकडे वळू. ती नगरांत भरली आणि त्यांच्यामागे वनस्पतींचा ध्यास घेतलेली मंडळे होती. अशा मंडळांत पहिला मान कलकत्त्याच्या कृषी व उद्यान मंडळाचा. ते १८२० साली विल्यम केरी यांनी स्थापिले. हे केरी आपल्याला दुसऱ्या नात्यानेही परिचित आहेत. फोर्ट विल्यम कॉलेजात ते मराठी शिकवीत आणि १८०५ साली त्यांनी मराठीचे व्याकरण छापून प्रसिद्ध केले; पुढे १८१० मध्ये कोशही काढला. भाषेचे शब्द गोळा करणारा हा गृहस्थ रोपे आणि बियाणीही त्याच चिकाटीने गोळा करीत होता. त्यांच्या मंडळाने बियाण्यांचे वाटप केले, बक्षिसांची प्रदर्शने भरविली आणि आपल्या कार्याचे वृत्तांत छापले. पश्चिम हिंदुस्थानात १८३० साली तसेच मंडळ निघाले. पुण्याची एम्प्रेस गार्डन आणि तेथली पुष्पप्रदर्शने ही त्या परंपरेची आजही नांदती खूण आहे.

छत्तीसगडाजवळ ही लाट नागपूरमार्गे आली. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला लोक प्रेमाने अजब बंगला म्हणतात, १८६३ सालचे. सर रिचर्ड टेंपल मध्य प्रांताचे चीफ कमिशनर असताना डिसेंबर १८६५ मध्ये नागपुरास कलाकौशल्य व शेतमाल यांचे मोठे प्रदर्शन भरले. दहा वर्षांनी, १८७५ साली, नांदगावचे राजे महंत घासीदास यांच्या देणगीतून रायपुरास संग्रहालय झाले; देशातील जुन्या संग्रहालयांपैकी ते एक. मग १८८३-८४ मध्ये कलकत्त्याचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन आले. त्यासाठी देशभरच्या उपजांचे नमुने मांडण्याचे काम जॉर्ज वॉट यांच्याकडे होते. त्या कामातूनच हिंदुस्थानच्या आर्थिक उपजांचा त्यांचा प्रचंड कोश उभा राहिला आणि १८८९ पासून त्याचे भाग निघू लागले.

या सर्व उद्योगाबद्दल कृतज्ञता बाळगूनही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. या प्रदर्शनांचा प्रवास एकाच दिशेने होता. दाणा गावातून तहसिलीला, तेथून जिल्ह्याला, प्रांताच्या राजधानीला, कलकत्त्याला आणि कधी कधी लंडनला जाई. काचेच्या बरणीत बसून तो मोठा होई. परंतु बरणी गावाकडे परत येत नसे. ज्याने तो दाणा पिढ्यान्‌पिढ्या निवडला त्याचे नाव बरणीवर नसे, आणि ती बरणी पाहण्याचा योगही त्याला बहुधा येत नसे. पाहणारा व्यापारी होता, अधिकारी होता, विद्वान होता; शेतकरी हा पुरवठादार होता.

विसाव्या शतकाच्या आरंभी रायपूरजवळ लभांडी येथे सरकारी प्रयोगक्षेत्र निघाले आणि धानाचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला. मध्य प्रांताचे वनस्पतितज्ज्ञ ग्रॅहॅम यांनी १९१३ मध्ये या प्रांतातील भातजातींच्या वर्गीकरणावर एक टिपण प्रसिद्ध केले. पानाचा रंग, तुसाचा रंग, कुसळ, दाण्याची लांबी अशा लक्षणांवरून त्यांनी जातींची मांडणी केली. गावाच्या स्मरणातील नोंद कागदावर येऊ लागली, ती अशी. लभांडीत निवडीने आणि संकराने सुधारलेली बियाणीही तयार झाली. पण अजून गावाचे धान आणि क्षेत्राचे धान यांत फार अंतर पडलेले नव्हते.

अंतर पडले ते १९६० नंतर. सधन शेतीच्या देशातील पहिल्या सात जिल्ह्यांत रायपूरची निवड झाली होती. तंजावरही त्याच यादीत होते, आणि तेथे १९६० नंतरच्या दशकात एक मौजेची गोष्ट घडली. आडुतुरै येथील एका नव्या भाताची वार्ता आकाशवाणीच्या शेतकरी कार्यक्रमांतून इतकी पसरली, की लोक त्या भाताला रेडिओ भातच म्हणू लागले. ध्वनिलहरींवर बसून बियाणे गावोगाव गेले, असा हा प्रकार. त्यापाठोपाठ ठेंगण्या, खताला प्रतिसाद देणाऱ्या जाती आल्या : आयआर-८, जया, पुढे स्वर्णा. देश १९६५ ते १९६७ या वर्षांत अन्नटंचाईने पोळला होता, हे विसरून त्या बियाण्यांना दोष देणे कृतघ्नपणाचे ठरेल. त्यांनी पोटे भरली. परंतु त्यांनी एक जागा भरली तेव्हा दहा जागा रिकाम्या केल्या. चार मातींना चार जाती पेरणारा शेतकरी पाणी आणि खत मिळताच सर्वत्र एकच जात पेरू लागला. जी जात तीन-चार हंगाम कोणीच पेरली नाही, तिचे बी कोठीतच मेले.

कारभाराची भाषाही याच वळणावर आली. आज छत्तीसगडात आधारभूत किमतीने धानाची खरेदी होते, तेव्हा त्याची नोंद तीन नावांखाली होते : मोटा, पतला आणि सरना. खरेदी सुलभ व्हावी म्हणून केलेली ही व्यवस्था आहे आणि तिने शेतकऱ्याला भावाची शाश्वती दिली. तरीही, ज्या प्रदेशाने हजारो नावे ठेवली, त्याच्या तराजूपुढे तीनच नावे उरावीत, यात कोठेतरी चुटपुट लावणारे काही आहे.

ही ओहोटी ज्यांनी आधी ओळखली ते राधेलाल हरेलाल रिछारिया. त्यांचा जन्म १९०९ चा, शिक्षण केंब्रिजपर्यंतचे. १९५९ पासून ते कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक होते. परदेशी ठेंगण्या जाती रोगकिडींची पुरती तपासणी न करता घाईने देशभर पसरवू नयेत, असे त्यांनी सरकारला बजावले. तो मतभेद विकोपाला गेला आणि त्यांना ते पद सोडावे लागले. त्यानंतर मध्य प्रदेश सरकारच्या वतीने त्यांनी रायपुरास भात संशोधन संस्था चालविली. १९७० नंतरच्या दशकातील हे काम. वर्षाला वीस हजार रुपये, दोन कृषी साहाय्यक आणि सहा ग्रामसेवक, एवढ्या बळावर त्यांनी हे सारे केले, असे त्यांच्या कार्यावर लिहिणाऱ्यांनी नमूद केले आहे. छत्तीसगडाच्या आणि आसपासच्या गावांतून त्यांनी १९,००० च्या आसपास नमुने जमविले.

राजवाड्यांची आठवण येथे अपरिहार्य आहे. राजवाडे माळ्यावरचे रुमाल सोडवीत, रिछारिया कोठीतली मूठ मागून घेत. दोघांनाही ठाऊक होते की मालकाला आपल्या घरातील ठेव्याची किंमत कळेनाशी होत चालली आहे. फरक एकच. कागद एकदा मिळाला की छापून टाकता येतो. दाणा मात्र पुन्हा पुन्हा शेतात उतरवावा लागतो, प्रत्येक जातीची निराळी ओळ लावून, शेजारच्या ओळीत मिसळू न देता. हजारो ओळी, दर काही वर्षांनी. ही मेहनत बाहेरच्या माणसाला दिसत नाही.

रिछारियांनी गोळा करण्यावर समाधान मानले नाही, हे त्यांचे खरे वैशिष्ट्य. आपल्या संग्रहात भरपूर उत्पन्न देणाऱ्या देशी जाती कितीतरी आहेत, हे त्यांनी मोजून दाखविले. १९८३ मध्ये त्यांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांना भातोत्पादनाची एक योजना सादर केली. तिचा गाभा असा, की निरनिराळ्या भागांत लहान लहान भातकेंद्रे असावीत. प्रत्येक केंद्राने आपल्या परिसरातील जाती त्याच मातीत, त्याच पाण्यात जिवंत ठेवाव्यात, शेतकऱ्याला दाखवाव्यात आणि त्याच्या हाती द्याव्यात. म्हणजे संग्रह राजधानीत आणि शेतकरी गावात, असा दुरावा राहणार नाही. ही योजना त्यांच्या मनाप्रमाणे अमलात आली नाही. त्यांची रायपूरची संस्था त्याआधीच मोडली होती. संग्रह जबलपूरच्या कृषी विद्यापीठाकडे आणि १९८७ मध्ये रायपुरास स्वतंत्र कृषी विद्यापीठ झाल्यावर त्याच्याकडे आला. १९९६ साली रिछारिया वारले.

बियाण्याच्या संग्रहासाठी माणसे काय सोसतात याचे उदाहरण रशियात आहे. वाव्हिलोव यांनी जगभर फिरून लेनिनग्राडला बियाण्यांचे भांडार उभारले. दुसऱ्या महायुद्धात त्या नगराला जर्मन फौजांचा वेढा पडला, तेव्हा त्या भांडारातील काही शास्त्रज्ञ उपाशी मेले, पण त्यांनी बियाण्याला हात लावला नाही. भातसंग्रहाचे राखणदार द्मित्री इवानोव हे तांदळाच्या हजारो पुड्यांच्या सान्निध्यात भुकेने गेले. स्वतः वाव्हिलोव १९४३ मध्ये तुरुंगात मरण पावले. एवढ्या मोलाचा ठेवा कोणासाठी जपायचा, हा प्रश्न अशा वेळी अधिकच तीव्र होतो. उद्याच्या पेरणीसाठी, हेच त्याचे उत्तर; इवानोव यांनी तरी दुसऱ्या कोणत्या कारणासाठी प्राण सोडला असता?

रायपूरच्या संग्रहासंबंधी हा प्रश्न २००२ साली चव्हाट्यावर आला. सिंजेंटा या परदेशी बियाणे कंपनीशी संशोधनाचा करार करून तिला या नमुन्यांपर्यंत वाट मोकळी करून देण्याचे घाटत असल्याची वार्ता फुटली. शेतकऱ्यांच्या संघटना आणि जाणते नागरिक रस्त्यावर आले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कंपनीने माघार घेतली. या प्रकरणाच्या दोन बाजू मांडता येतील. संशोधनाला पैसा लागतो आणि बंद पुडीतून काहीच निपजत नाही, हेही खरे आहे. पण त्या वादात एक गोष्ट प्रथमच सर्वांना लख्ख दिसली. ज्या गावांनी मुठी दिल्या होत्या, त्यांना आपली मूठ कोठे आहे याची वार्ताच नव्हती. संग्रह सुरक्षित होता. मालक अनभिज्ञ होते. अनभिज्ञ मालकाच्या वतीने कोणीही करार करू शकतो.

कायद्याने या स्थितीत पालट घडवून आणला. २००१ सालच्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क मान्य केला आणि शेतकऱ्यांनी जोपासलेल्या जातींची त्यांच्या नावावर नोंद होऊ लागली. २०१९ मध्ये सरगुज्याकडील जीराफूल तांदळाला आणि २०२३ मध्ये धमतरी जिल्ह्यातील नगरीच्या दुबराजाला भौगोलिक निर्देशन मिळाले. अभनपूरहून सरळ धमतरीकडे जाणारी वाट पुढे नगरीलाच पोचते. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या साह्याने उंच, उशिरा पिकणाऱ्या दुबराजाचे आणि सफरीचे ठेंगणे, लवकर येणारे अवतारही तयार झाले. जुने दफ्तर उघडले, की त्यातून नवे पीक निघते, याचा हा दाखला.

आणि आता प्रदर्शनाची दिशाही पालटू लागली आहे. विद्यापीठाच्या आवारात अक्तीच्या निमित्ताने देशी जाती मांडल्या जातात. कृषी विज्ञान केंद्रांच्या मेळाव्यांतून धानाच्या पेंढ्या, दाणे आणि तांदूळ जिल्ह्याजिल्ह्यांत जातात. माघी पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत राजीमला मोठी जत्रा भरते आणि तिची वाट अभनपूरवरूनच जाते. अशा मेळ्यात मांडलेल्या एका टोपलीचे मोल नगरातल्या शंभर बरण्यांपेक्षा अधिक आहे. नगरातील प्रेक्षक कुतूहलाने पाहतो. गावचा शेतकरी दाणा चिमटीत धरतो, दाताखाली फोडतो, आणि त्याला तो ओळखतो की नाही हे सांगतो. कधी नोंदीतील नाव चुकीचे निघते, कधी नोंदीत नसलेला गुण कळतो. अशा वेळी प्रेक्षकच दफ्तरात भर घालतो.

बी फिरते राहिले म्हणजे काय होते, याची साक्ष महाराष्ट्रातही आहे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक शेतकरी. १९८३ च्या सुमारास जबलपूरकडून आलेल्या पटेल-३ या धानाच्या शेतात त्यांना निराळ्या दिसणाऱ्या काही लोंब्या आढळल्या. त्यांनी त्या वेगळ्या राखल्या, वर्षानुवर्षे निवडल्या, आणि त्या काळी लोकप्रिय असलेल्या एका घड्याळाचे एचएमटी हे नाव त्या धानाला दिले. ते बारीक, चविष्ट धान झाडीपट्टीतून छत्तीसगडात गेले आणि तेथेही घरोघर रुळले. दादाजी २०१८ साली वारले; त्यांचे धान पेरले जातेच आहे. मध्य प्रदेशातून आलेले बी विदर्भातील शेतकऱ्याच्या हाती पडले, त्याच्या नजरेने नवे झाले आणि पुन्हा महानदीच्या खोऱ्यात गेले. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी आपल्या घरी गावरान बियाण्यांचा संग्रह केला आणि तो बायाबापड्यांना मुठीमुठीने वाटला, त्याच्या गौरवार्थ २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शीतकोठारात ठेवलेल्या बियाण्याच्या अंगी हा गुण नसतो. ते टिकते, पण बदलत नाही. पाऊस उशिरा येऊ लागला, उन्हाळा वाढला, नवी कीड आली, हे त्याला कळत नाही. शेतातले बी ते दर वर्षी शिकत असते.

म्हणून शीतकोठार नको, असे मात्र नव्हे. गावात दुष्काळ पडला, पूर आला, किंवा नुसता कंटाळा आला तरी बी नाहीसे होते. त्या वेळी रायपूरची पुडी हाच आधार असतो. कोठार आणि गाव यांनी एकमेकांचे जामीन राहावे, हे इष्ट. नोंदवहीत नमुन्यापुढे ज्या गावाचे नाव लिहिलेले असते, ते नाव नुसते शोभेचे नाही. तो परतीचा पत्ता आहे. त्या पत्त्याप्रमाणे निवडून मांडलेली पाचपन्नास धाने एखाद्या गावच्या शाळेत, बाजारात किंवा जत्रेत चार दिवस राहिली, तर आपल्या आजोबांनी काय पेरले होते हे मुलांना कळेल, आणि मागणाऱ्याला मूठभर बी मिळाले तर ते पुन्हा उगवेलही. काही ठिकाणी हे घडू लागले आहे. आता ते अनेक ठिकाणी घडावयास हवे.

पेशवे दफ्तर उघडल्याने पेशवाई परत आली नाही, आणि ती यावी असे कोणी म्हटलेही नाही. कागद माणसाला मागे काय होते एवढे सांगतात. धानाचे दफ्तर त्याहून भाग्यवान आहे. त्याचे पान उलगडून मृगाच्या ओल्या मातीत टाकले, तर कार्तिकात त्याच्या शंभर प्रती होतात, आणि त्यांतील एक प्रत पुन्हा दफ्तरात ठेवता येते. मूठ मागून आणणाऱ्याचे ऋण अशा रीतीनेच फिटते : मूठ परत देऊन.